पंधराशे रुपयांत मालवण

पहाटे ५.३०

आमच्या गल्लीतल्या पाचजणींना समुद्राला जायचंय आणि बेत पक्का करायचं काम माझ्याकडे आलंय. आज संध्याकाळी माझ्या घरी हळदीकुंकू आहे. पाचहीजणी तिथे एकत्र असतील. तोवर गाडी, मुक्काम, जेवण आणि पैसे या चारही गोष्टींची उत्तरं हातात हवीत, नाहीतर बोलणं पुन्हा "बघूया की" वर येऊन थांबेल.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमच्या घरी दिवस नळाच्या पाण्याने सुरू होतो. पिंप भरेपर्यंत मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभी राहते. यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आहे. त्या जोडून आलेल्या सुट्टीत मालवणात गर्दी उसळणार आणि खोल्यांचे दर चढणार. त्याच्या पुढचा शनिवार-रविवार मात्र मोकळा आहे. शाळांना सुट्टी नाही, बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे, बाहेर पडलेली माणसं नुकतीच घरी परतलेली असतील. हाताशी पैसे थोडे असतील तर आधी तारीख निवडावी. तीच खोली, तेच जेवण, तोच किनारा एका आठवड्याच्या फरकाने कमी पैशात मिळतो. पावसाळ्यात दर याहून उतरतात, पण तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते.

तो रविवार माघी पौर्णिमेचा आहे, म्हणून तर मला तो अधिक आवडलाय. मी काम करते त्या पतसंस्थेतले शिपाईमामा देवगडकडचे. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांनी मला शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती पूर्ण आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आदल्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे भरती साडेदहाची आणि ओहोटी पावणेपाचच्या आसपास. शनिवारी संध्याकाळी पोचलो तर पाणी लांब गेलेलं असेल, चालायला रुंद ओली वाळू असेल आणि सूर्य मावळायच्या सुमारास मागे माडांवर चंद्र आलेला असेल. याचं तिकीट नाही. पेन्सिलीने त्या दोन्ही तारखांना गोल करते आणि दुसऱ्या पिंपाला नळी लावते.

सकाळी ७.००

माझा डबा भरून झाला की शेजारच्या वैनींच्या दारात जाते. त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे चारपासून तवा तापलेला असतो. आत्ता त्या एका हाताने पोळी लाटतायत, दुसऱ्या हाताने डब्यांची झाकणं लावतायत. बहुतेक डबे कॉलेजच्या पोरांचे, काही उद्यमनगरातल्या कारखान्यांत जाणारे.

"वैनी, पुढच्याच्या पुढचा शनिवार. जमतंय का?"

"मी येतो की. पण डबं कोण दील?"

या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय बेताला अर्थ नाही. पगारी माणसाला सहलीचा खर्च म्हणजे भाडं, खोली आणि जेवण. रोजच्या कमाईवर घर चालतं त्या बाईला याच्या आधी खाड्याचा खर्च येतो. एक दिवस चूल बंद राहिली तर त्या दिवसाचे पैसे गेले, शिवाय गिऱ्हाईक दुसरीकडे वळायची भीती. माझ्या वहीत खाड्याचा रकाना नसेल तर माझा हिशेब खोटा ठरेल.

मग तिथेच, पोळपाटाशेजारी बसून आम्ही वेळ मांडतो. मेसची पद्धत अशी, की रविवारी संध्याकाळचा डबा नसतोच. म्हणजे प्रश्न उरतो शनिवार रात्रीचा आणि रविवार दुपारचा. शनिवारी सकाळचे डबे घालून अकरा-साडेअकराला निघालं तर दिवसाची निम्मी कमाई हातात राहते. रात्रीच्या पोळ्या त्यांची जाऊ करून देईल, तिला त्याचे पैसे द्यायचे. रविवारी दुपारी पोरांना आधी सांगून सुट्टी घ्यायची. एका वेळचा खाडा होतो, तेवढा सोसतो.

"म्हंजे शनवारी सकाळी सगळं उरकून निघायचं," वैनी म्हणतात आणि तव्यावरची पोळी उलटतात. सहलीची निघायची वेळ इथे ठरली.

सकाळी ८.४५

शाहूपुरीला जाणाऱ्या केएमटी बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळते. गल्लीत सगळे जिला सिस्टरच म्हणतात त्या मैत्रिणीला फोन लावते. ती रात्रपाळी संपवून दवाखान्यातून बाहेर पडलीय. तिच्या ड्यूटीचा तक्ता महिन्याच्या सुरुवातीला लागतो. त्या आठवड्यात तिच्या नाइट शुक्रवारी सकाळी संपतात आणि पुढे दोन दिवस नाइट-ऑफ. "मी बसमध्ये झोपून घीन," ती म्हणते. तिचं जमलं.

सकाळी १०.००

संस्थेचं शटर वर गेलं की मी काउंटरच्या आत. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. सकाळी पहिले येतात ते पिग्मी एजंट काका. काल दिवसभर फिरून गोळा केलेली रक्कम ते यंत्रातल्या यादीसह माझ्यासमोर ठेवतात. दहाच्या, वीसच्या नोटा, पाचची नाणी. लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी विकणारी बाई रोज वीस रुपये देते, रिक्षावाले पन्नास देतात, चहाच्या गाड्यावरचा मुलगा दहा. मी नोटा सुलट्या करते, रंगाप्रमाणे लावते, स्पंजला बोट लावून मोजते. या नोटांना कोथिंबिरीचा, तेलाचा, घामाचा वास असतो. वीस रुपये म्हणजे काय हे ज्याला कळायचं असेल त्याने या काउंटरवर एक सकाळ बसावं.

म्हणूनच सहलीची रक्कम ठरवताना मी कुणालाही चारचौघींत विचारलं नाही. "पाच हजार चालतील का?" असं चारजणींसमोर विचारलं, की जिला परवडत नाही ती "माझं काय खरं नाही, तुम्ही जावा" म्हणून बाजूला होते. पैशाचं नाव ती काढत नाही, पोरांची परीक्षा, सासूचं दुखणं असं काहीतरी पुढे करते. मग उरलेल्या निघून जातात आणि मागे राहिलेलीला फोटो दाखवतात.

आमच्या भिशीत नंबर काढायला चिठ्ठ्या टाकतात, तीच रीत मी वापरली. मागच्या भिशीच्या दिवशी प्रत्येकीला कोऱ्या कागदाचा तुकडा दिला आणि सांगितलं, नाव लिहू नका, घरात कुणाला जाब न देता जेवढे खर्च करता येतील तेवढाच आकडा लिहा. पाच चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यांत मोठा आकडा चार हजारांचा होता, सगळ्यांत लहान दीड हजाराचा. मी मोठ्याने वाचला तो फक्त लहान. "सहल पंधराशेत. यापुढे एक रुपया नाही." कुणाची चिठ्ठी कुठली, हे मला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही. सरासरी काढली असती तर आकडा अडीच हजारांच्या पुढे गेला असता आणि एक मैत्रीण गळाली असती.

दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा खाऊन मध्यवर्ती बसस्थानकावर चालत जाते. शाहूपुरीतून ते जवळच आहे. चौकशीच्या खिडकीसमोर रांग आहे. माझा नंबर येईपर्यंत मनात दुसऱ्या पर्यायाचा हिशेब करून बघते: गाडी भाड्याने. किलोमीटरमागे दर, दिवसाला किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम. पाचजणींत वाटलं तरी पंधराशेतले बहुतेक रुपये चाकाखालीच जातात.

एसटीचा हिशेब वेगळा आहे. १७ मार्च २०२३ पासून महामंडळाच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, पण अर्धं ते अर्धंच राहिलं. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात, साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास. कोल्हापूर ते मालवण सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे पंचवीस टप्पे, अडीचशे रुपये. आम्हाला सव्वाशे. जाऊन-येऊन अडीचशेत काम होतं.

या अर्ध्या तिकिटाने आमच्यासारख्यांचं काय झालं, ते गल्लीत राहणाऱ्याला दिसतं. आधी बाई एसटीत बसायची ती माहेराला, दवाखान्याला, लग्नाला, बाराव्याला. प्रत्येक प्रवासाला घरातलं कारण लागायचं. समुद्र बघायचाय, हे कारण पुरत नव्हतं, कारण तिकिटाचे पैसे कुणाकडून तरी मागून घ्यावे लागायचे. आता तेच तिकीट तिच्या स्वतःच्या डब्यातल्या पैशांत बसतं.

एकत्र प्रवास करायची सवय आमच्या बायकांना नवी नाही. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या रेणुकेच्या यात्रेला कोल्हापुरातून एसटीच्या गाड्याच्या गाड्या प्रासंगिक करारावर सुटतात. कुणी किती तांदूळ आणायचे, चूल कुठे मांडायची, म्हाताऱ्यांना पुढची सीट, हे सगळं बायका यात्रेत करतातच. तीच हुशारी मला मालवणसाठी हवी आहे.

खिडकीतले साहेब वेळ सांगतात आणि विचारतात, "किती जणी?" दुपारच्या आत सुटणारी गाडी आमच्या वेळेत बसते. मी एक गोष्ट आवर्जून विचारते, गाडी कुठल्या घाटाने जाते. कोल्हापुरातून कोकणात उतरायला वाटा बऱ्याच: रत्नागिरीला आंबा घाट, राजापूरला अणुस्कुरा, गगनबावड्यावरून करूळ आणि भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, आजऱ्यावरून आंबोली. करूळ घाट काँक्रीटच्या कामासाठी जानेवारी २०२४ पासून वर्षभर बंद होता, तेव्हा गाड्या इतर घाटांनी वळवल्या होत्या. आमच्यातल्या आक्कांना घाटात मळमळतं, म्हणून त्यांना पुढची जागा धरायची आहे. शिवाय गळिताचा हंगाम आहे. राधानगरी रस्त्याने गेलं तर परितेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळते, अर्धा तास हाताशी ठेवावा लागतो. परतीची गाडी रविवारी दुपारची बघितली, अंधार पडायच्या आत घाट चढून यावा म्हणून.

रेल्वेचा विचार करायची सोय नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, पण रूळ अजून पडलेले नाहीत. तोवर कोल्हापूरकरांचा समुद्र एसटीच्याच रस्त्याने जवळ येतो.

दुपारी ३.१५

दुपारचा काउंटर जड असतो. सोनेतारणाची दोन प्रकरणं आली आहेत, मूल्यांकनाला सोनार बसलेत. मार्चएंडच्या वसुलीची यादी साहेबांनी टेबलावर ठेवलीय. चहाच्या दहा मिनिटांत मी तारकर्लीला फोन लावते. मालवणपासून हे गाव सहा-सात किलोमीटरवर. एका काकूंनी राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. सरकारच्या न्याहारी-निवास योजनेमुळे किनाऱ्यावरच्या अशा कितीतरी घरांना पाहुणे ठेवायची वाट मिळाली. हॉटेलपेक्षा ही घरं आम्हाला परवडतात, आणि पाच बायका रात्री जिथे राहणार तिथे घरात बाईमाणूस असलं म्हणजे आमच्याही घरचे निर्धास्त असतात.

"एकच मोठी खोली देते. दोन खाटी आसत, खाली गाद्यो घालतंय," काकू सांगतात. पाचजणींचे मिळून दोन हजार. मी घासाघीस करत नाही. चादरी धुणं, पहाटे पाणी तापवणं, पाच माणसांचा राबता, हे सगळं त्यांच्याच अंगावर पडणार. त्यांच्या कष्टातून कापलेल्या पैशाला मी बचत म्हणणार नाही.

जेवणाचं मात्र नीट ठरवते. "सुरमय होई काय?" त्या विचारतात. मी थेट सांगते, आमचं बजेट बांधलेलं आहे. त्यावर त्यांचा आवाज मोकळा होतो. "मगे बांगडो खावा. ताजो आसलो काय बांगड्यासारख्या काय नाय." सुरमई-पापलेटाचा भाव लिलावात रोज वर-खाली होतो, पर्यटक तेच मागतात म्हणून ताटाची किंमत त्यावर ठरते. बांगडा आणि तारली हे तिथल्या घरांतलं रोजचं खाणं. बांगड्याचं ताट दोनशे वीसला. रविवारी पौर्णिमा, आक्का मासळी खात नाहीत. म्हणून मासे शनिवारी रात्री; रविवारी सकाळी आंबोळ्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबार, दुपारी साधं जेवण, वर सोलकढी. न्याहारी साठ, जेवण दीडशे. आक्कांना वेगळं ताट मागायची पाळी येणार नाही, आणि पैसेही वाचले.

दुपारी ४.००

आमच्या पाचजणींतल्या धाकटीचा फोन. ती महाद्वार रोडवर साड्यांच्या दुकानात काउंटरला असते. तिची अडचण उलटी आहे. तिला सुट्टी सोमवारी आणि शनिवार-रविवारी दुकानात सगळ्यांत जास्त गर्दी. मालकांकडे रजा मागायला ती घाबरते. मी तिला नुसती रजा मागू नकोस, बदली घेऊन जा म्हणते. बरोबरच्या मुलीला पुढच्या महिन्यात गावच्या जत्रेला जायचंय, तिची पाळी ही घेईल, हिची ती घेईल. अर्ध्या तासाने मेसेज येतो: "झालं! मालक हो म्हणाले." पुढे समुद्राच्या लाटेचं चित्र.

संध्याकाळी ५.००

कॅश टॅली. दिवसभराच्या पावत्या एका बाजूला, व्हाउचर दुसऱ्या बाजूला, आणि मधे नोटांच्या चळती. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, हे कागदावर लिहून बेरीज रोजकीर्दीच्या शिलकीशी जुळवायची. दहा रुपयांचा फरक आला तरी कुणी घरी जात नाही. आज पहिल्याच बेरजेला जुळतं.

त्याच कागदाच्या मागे सहलीची रोजकीर्द मांडते, दर माणशी. एसटी जाऊन-येऊन २५०. खोली ४००. शनिवारचं ताट २२०, रविवारची न्याहारी ६०, दुपारचं जेवण १५०, मिळून ४३०. मालवण-तारकर्ली रिक्षा आणि किल्ल्याची होडी यांना २०० धरले. एकूण १२८०. पंधराशेतले २२० उरतात, ते अडीअडचणीला. कुणाचा पाय मुरगळला, गाडी चुकली, तर त्या वेळी कुणी कुणाकडे हात पसरायचा नाही. काही झालं नाही तर जिचे तिला परत.

स्कुबा डायव्हिंग, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी, देवबागच्या संगमावरचे पाण्यातले खेळ यात धरलेले नाहीत. ज्यांना हौस आहे त्यांनी ती जरूर करावी, पण या वेळी पाचजणी मिळून जे करू तेवढंच करायचं. चौघी पाण्यात आणि एक काठावर चपला राखत बसलेली, असं मला होऊ द्यायचं नाही.

संध्याकाळी ६.३०

हळदीकुंकवाला घर भरलंय. तिळगुळाची वाटी फिरते, वाण म्हणून यंदा मी पिको केलेल्या कापडी पिशव्या दिल्यात, आक्कांनीच शिवलेल्या. आक्कांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. गल्लीत पूर्वी अशा बायकांना या दिवशी बोलावत नसत. २०२२ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या वाट्याला येणाऱ्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्याने त्याची दखल घेतली. गावाला जमलं ते गल्लीला का जमू नये, असं म्हणून आम्हीही बोलावणं सगळ्यांना करायला लागलो. आक्का आता पहिल्या येतात आणि शेवटी जातात.

बाकीच्या बायका गेल्यावर पाचजणी सतरंजीवर बसतो. मी कागद मधे ठेवते आणि आकडा वाचते. "बाराशे ऐंशी. पंधराशे जमा करायचं, उरलेलं परत." कुणी "बघूया की" म्हणत नाही. आक्का चष्मा वर करून कागद स्वतः वाचतात, प्रत्येक ओळीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "मी येतो." मग लग्नाच्या ब्लाउजांची गिऱ्हाइकं त्या शुक्रवारपर्यंत कशी उरकायची, याचा हिशेब त्या मोठ्याने करायला लागतात. बेत पक्का झाल्याची माझी खूण हीच. ज्याला खरंच यायचंय ते माणूस ताबडतोब आपल्या कामाची मांडणी सुरू करतं.

मग कामांची वाटणी भराभर होते. वैनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणणार, म्हणजे शनिवारी दुपारचं जेवण गाडीतच. धाकटी भडंग आणणार. सिस्टर औषधांची पिशवी, आक्कांची मळमळीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी द्यायची आठवणही तिच्याकडे. मी काकूंसाठी गुळाची ढेप घेणार. आपल्याकडचा गूळ घाट उतरून जावा आणि तिकडची सोलं, सुकी मासळी, नारळ घाट चढून यावेत, ही देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

शेवटी मी पाण्याचा विषय काढते, आणि इथे मी कडक होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे आठजण बुडाले. चांगली तरणी पोरं होती. घाटावरच्या माणसाला नदी माहीत असते, विहीर माहीत असते. समुद्र पायाखालची वाळू ओढून नेतो, हे त्याला तिथे गेल्यावर कळतं. आमच्या पाचजणींत पोहता येतं ते एकट्या सिस्टरला, तेही रंकाळ्यात लहानपणी शिकलेलं. म्हणून ठरवलं: शनिवारी संध्याकाळी ओहोटी असेल, तेव्हा फक्त वाळूवर चालायचं. पाण्यात जायचं ते रविवारी सकाळी आठ-नऊला, पाणी चढत असताना, गुडघ्यापर्यंतच, काकू दाखवतील त्याच जागी, आणि दोघींनी कायम काठावर उभं राहायचं, आळीपाळीने. आक्का मान हलवतात. धाकटीला कंबरेपर्यंत जायचं होतं, पण ती ऐकते.

"आणि किल्ला?" ती विचारते.

किल्ला आहेच. रविवारी न्याहारी करून, भिजून, मग मालवणच्या धक्क्यावरून होडी. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. १८१२ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत हा किल्ला करवीरकरांच्या, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या गादीकडे होता. इथल्या माणसांना तिथे परक्या ठिकाणी गेल्यासारखं वाटायचं काही कारण नाही.

रात्री ९.४५

भांडी आवरली. ह्यांना सांगितलं, शनिवारी रात्री आणि रविवारी मुलाचं आणि आईंचं जेवण तुमच्याकडे. भात आणि आमटी येते त्यांना, तेवढी पुरे. आईंनी स्वतःहून कपाटातून दोनशे रुपये काढून दिले. मी घेतले नाहीत. पंधराशेची रेघ सगळ्यांना सारखीच राहू दे. त्याऐवजी त्यांची पितळेची पाण्याची कळशी मागून घेतली, गाडीत पाणी विकत घ्यावं लागू नये म्हणून.

ग्रुपवर बेत लिहून टाकते: निघायची वेळ, कुठल्या खांबाजवळ जमायचं, काय आणायचं, काय आणायचं नाही. दागिन्यांतलं फक्त मंगळसूत्र, तेही ज्यांना घालायचंय त्यांनी. आधार कार्ड प्रत्येकीने जवळ ठेवावं. सुट्टे पैसे. प्रत्येकीच्या घरच्या एका माणसाचा नंबर काकूंकडे राहील आणि काकूंचा नंबर प्रत्येकीच्या घरी.

उद्याची कामं तीन आहेत. सकाळी काकूंना पाचशे रुपये आगाऊ पाठवायचे. दुपारी बसस्थानकावर जाऊन आक्कांची पुढची जागा धरता येते का बघायचं. आणि तिसरं काम माझ्याच काउंटरवरचं. ज्या मैत्रिणीने दीड हजार लिहिले, ते तिने कशाच्या तरी ऐवजी लिहिले असतील. पुढच्या वर्षी तिला काही बाजूला सारावं लागू नये. पाचजणींच्या नावाने पाच पिग्मी खाती उघडायची आणि प्रत्येकीने रोज पाच रुपये टाकायचे. वर्षाला १८२५ होतात, आजच्या बेतापेक्षा जास्त. एजंट काका रोज आमच्या गल्लीतून जातातच. फॉर्म मी आजच बॅगेत ठेवलेत, उद्या संध्याकाळी सह्या घेते.